बायोमेडिकल म्हणजे केवळ दुरुस्ती नव्हे
बायोमेडिकलला, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या अभियांत्रिकीला, गेलेली मुले आयुष्यभर यंत्रेच दुरुस्त करत बसतात, ही ठाण्यातील पालकांनी आपल्या मुलीच्या शिक्षणाबाबत व्यक्त केलेली भीती मला पटत नाही. वाशीतील एका रुग्णालयात मी हेच काम करते. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाचे ठोके पूर्ववत करण्यासाठी विजेचा झटका देणारे यंत्र, तपासणी-यंत्राला जोडून २०० जूल निवडल्यावर प्रत्यक्षात किती ऊर्जा बाहेर पडते हे पाहताना, पुढचा झटका कुणाच्या तरी छातीवर बसणार आहे, याची जाणीव क्षणभरही सुटत नाही, आणि म्हणूनच या कामाला दुय्यम म्हटलेले मनाला लागते. शिवाय २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांमुळे उत्पादकांनाही जाणकार माणसे लागतात. मुलीला संशोधनाची ओढ असेल, तर २०२० पासून गेट या पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षेत बायोमेडिकलची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा पाया मात्र तिने पहिल्या वर्षापासूनच पक्का करावा.