युनियन आडवी आली हे अर्धंच खरं

'युनियनने अडवलं म्हणून बँकांत संगणक उशिरा आले' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन (बँकांची संघटना) आणि कर्मचाऱ्यांच्या युनियन यांच्यात यंत्रं बसवण्याबद्दल रीतसर करार झाला होता. शाखांत आलेल्या सुरुवातीच्या यंत्रांना संगणक न म्हणता 'लेजर पोस्टिंग मशीन', म्हणजे खातेवहीत नोंदी करणारं यंत्र, म्हणायचे (नावात बरंच काही असतं!), आणि ते चालवणाऱ्याला वेगळा भत्ता मिळे.

आमच्या शाखेत खरी रड झाली ती कोअर बँकिंगला, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर नेण्याच्या पद्धतीला, जाताना. लेजरमध्ये 'पाटील एस. बी.' नावाची सात खाती, मुख्यालयातून आलेली पोरं हवालदिल. कुठला पाटील कुठल्या वस्तीवरचा, कोण वारलाय, हे फक्त निवृत्तीला चार महिने उरलेल्या हेडक्लार्कना तोंडपाठ. प्रशिक्षणाच्या यादीतून त्यांचंच नाव वयामुळे कापलेलं होतं.