स्टेजने शिकवलं की स्टेजने गंडवलं? तुमचे गेमिंगचे अनुभव लिहा

परवा साताऱ्याला घरी माळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला, पिवळ्या कॅसेटसकट, आणि चक्क चालू झाला. आतेभावाला बोलावलं आणि कॉन्ट्रा लावला. तिसरी स्टेज, धबधबा, इथंच लहानपणी आमची मारामारी व्हायची कारण इथं स्क्रीन वर वर सरकते आणि वरचा गडी भराभर उड्या मारत चढला की खालचा स्क्रीनच्या बाहेर जातो, म्हणजे मेलाच. तो म्हणायचा तू मुद्दाम मारतोस, मी म्हणायचो तूच ढिला आहेस. आता दोन पोट सुटलेली माणसं सोफ्यावर बसून "थांब थांब, मला येऊ दे, हां आता चल" करत चढलो आणि पहिल्यांदा एकही लाइफ न घालवता वर पोचलो. आयला, ती स्टेज बोलत बोलत चढायची होती होय!

तर ग्राफिक्स, स्टोरी बाजूला ठेवा. खड्डा कुठं, दार कुठं, शत्रू कुठं उभा, एवढ्यानं तुमच्या खेळण्यात काय फरक पडला ते लिहा. मोबाईलवालेही चालतील, शिव्याही चालतील.

भडंगप्रेमी, सांगली
माझा अनुभव आईचा आहे. तिला मारियो शिकवायला बसलो, बटणं दाखवली आणि चहाला उठलो. पहिल्याच स्टेजला तिनं डोक्यानं ठोकळा फोडला, मशरूम बाहेर आलं, तिला वाटलं हाही शत्रूच. ती पळायला लागली, पण ते मशरूम पुढच्या पाइपला आपटून उलटं तिच्याच अंगावर, आणि वर ठोकळे असल्यामुळं नीट उडी पण मारता येईना. "मेले गं बाई" म्हणून रिमोट टाकला आणि बघते तर मारियो मोठा झालेला! नंतर कुठंतरी वाचलं की १९८५ साली मारियो बनवणाऱ्या मियामोतोंनी ते मुद्दामच तसं रचलं होतं, घाबरलात तरी ते खाल्लं जावं म्हणून. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग सरळ सांगायचं की, जीव कशाला घाबरवायचा.

बॅच_सकाळी_सातची
प्रिन्स ऑफ पर्शिया. पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटर क्लास होता, बॅच एक तासाची आणि गेममधे राजकन्येला सोडवायची वेळ पण बरोबर साठ मिनिटं, त्यामुळं सर यायच्या आत सुरू केला नाही तर राजकन्या गेलीच. मला त्यातल्या फरशा आठवतात. काही फरशा पाय पडला की हलायच्या आणि खाली कोसळायच्या, मग आम्ही प्रत्येक फरशीवर हळूच एक पाऊल टाकून बघायचो, आजी ओल्या अंगणात टाकते तसं. चौथ्या लेव्हलला आरसा येतो, पळत येऊन त्यातून उडी मारायची, की आपली सावली पलीकडं निघून जाते आणि आपली ताकद एका ठिपक्यावर येते. पुढच्या लेव्हलला ती आपल्या तोंडासमोर औषध पिऊन टाकते, त्याच्या पुढच्याला दार लावते. बाराव्या लेव्हलला तीच समोर तलवार घेऊन. मारलं की आपल्यालाच लागतं. आम्ही कितीतरी दिवस मरत होतो, शेवटी एका पोरीनं वैतागून तलवार म्यान केली, आणि सावली येऊन अंगात मिसळली! क्लासमधे एवढा आरडाओरडा झाला की सरांनी आठवडाभर मशीन लावू दिलं नाही. ती सावली सुद्धा मशीनमधे नव्या चित्रांना जागाच उरली नव्हती म्हणून प्रिन्सचीच चित्रं वापरून केलेली, हे गेम बनवणाऱ्या मेकनरनं स्वतः सांगितलंय. लै भारी.

यवतेश्वर_घाट
काउंटर स्ट्राइकमधला डस्ट टू. बाकी मॅपचं, म्हणजे खेळायच्या मैदानाचं, नाव काढू नका. २००१ चा मॅप आणि अजून पोरं तोच लावतात. मधली ती दोन दारं, त्यांच्या फटीतून समोरचा स्नायपर बघत बसलेला, आणि आपल्याला तिथूनच पलीकडं पळायचंय. दहा पावलांचं अंतर, पण कॅफेतली बारा पोरं तेवढ्यात गप्प व्हायची. एकदा कॉलेजला असताना रायगडावर गेलो होतो, महादरवाजा समोर दिसतच नाही, बुरजांच्या मधून वळून गेलं की एकदम दार आणि दोन्हीकडून मारा. मित्र म्हणाला, हे बघ, इथं खरं डिझाईन. शंभर जण आले तरी दारात चारच मावणार.

कृष्णाकाठची
सगळे म्हातारे जमलेत इथं 😀 पबजीवाल्यांना बोलू द्या. त्यातला एरंगल मॅप आठ बाय आठ किलोमीटर, पण आमच्या ग्रुपची सगळी भांडणं दोन पुलांवर. लष्करी तळावर उतरायचं, खच्चून सामान गोळा करायचं, आणि झोन, म्हणजे जिथं जिवंत राहता येतं तो गोल, उत्तरेला लागला की पूल. पुलावर कुणीतरी आडवी गाडी लावून बसलेलंच असतंय. आयर्विन पुलावर ट्रॅफिक लागलं की मी अजून म्हणते, बोटीनं जाऊया का.

नाव_नको
शिव्या चालतील म्हणालात म्हणून. एका गेममधे (नाव घेत नाही) सेव्ह पॉइंटनंतर चार मिनिटांचा न कापता येणारा व्हिडिओ, मग लांबलचक पूल, मग बॉस, म्हणजे मोठा शत्रू. बॉस अवघड नव्हता हो. तो व्हिडिओ मी सतरा वेळा बघितला, सतरा! याउलट डार्क सोल्स हा गेम. तासभर मरत मरत चर्चपर्यंत गेलो, बाजूला एक लिफ्ट दिसली, खाली उतरलो तर जिथून निघालो तीच शेकोटी. इतका वेळ मी लांब आलोय असं वाटत होतं आणि आलो होतो घराच्या डोक्यावर. रात्री दीडला हसत बसलो होतो एकटाच.

विश्रामबाग_इंजिनिअर
मी स्वतः एक छोटा गेम बनवतोय, अजून तीनच स्टेज झाल्यात. सात वर्षांच्या भाचीला खेळायला दिला आणि ठरवलं, तोंड उघडायचं नाही. हिरो मी स्क्रीनच्या मधोमध ठेवला होता, ती पहिल्यांदा डावीकडं गेली, भिंत लागली, परत डावीकडं, परत भिंत, मग माझ्याकडं बघायला लागली. रात्री हिरो डाव्या कडेला नेला, तोंड उजवीकडं. दुसऱ्या दिवशी सरळ निघाली, खड्ड्यापाशी थांबली, आणि आत उडी मारली. म्हटलं का गं? म्हणाली, खाली काय आहे ते बघायचं होतं.

आता खाली काहीतरी ठेवावं लागणार.