‘धरून देणे’, ‘हवाली करणे’ की सरळ ‘विश्वासघात’?

टाकसाळ
एका विवेचनाच्या भाषांतरात अडलोय. बायबलातलं पौलाचं करिंथकरांस पहिले पत्र, ११:२३. पौल एकाच वाक्यात ‘पारादिदोमी’ हे ग्रीक क्रियापद दोनदा वापरतो. जे मला प्रभूपासून मिळालं तेच मी तुम्हांला ‘दिलं’, आणि ज्या रात्री येशूला ‘दिलं गेलं’ त्या रात्री त्याने भाकर घेतली. विवेचनकाराचा सगळा मुद्दा या पुनरुक्तीवर उभा आहे. पहिल्या जागी ‘सोपवणे’ आणि दुसऱ्या जागी ‘विश्वासघात’ लिहिलं की मुद्दा मेला. संपादकांचा आग्रह मात्र ‘विश्वासघात’चाच, नाहीतर म्हणे वाचकाला येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा आठवणार नाही. दोन्हीकडे चालेल असं एक मराठी क्रियापद आहे का?

शिळाप्रेस
मराठी बायबलात ‘धरून देणे’ रुळलेलं आहे, चर्चमध्ये तेच कानावर पडतं. यहूदाच्या जागी ते बसतंही. पण पौलाच्या पहिल्या ‘दिलं’ला कसं लावणार? परंपरा कुणी धरून देत नाही. रोमकरांस ८:३२ बघा. देवाने स्वतःच्या पुत्राला राखून न ठेवता आपल्या सर्वांसाठी ‘दिलं’, क्रियापद तेच. देवाने धरून दिलं म्हणाल?
माझं मत ‘हवाली करणे’. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, साखळीच आहे: यहूदा मुख्य याजकांच्या हवाली करतो, याजक रोमन सुभेदार पिलाताच्या (१५:१), पिलात शिपायांच्या (१५:१५). क्रियापद एकच, माणसं बदलतात. मराठीत दर वेळी वेगळा शब्द घातला की सगळा दोष पहिल्याच माणसावर जाऊन बसतो.

अर्धचंद्र
‘हवाली’ला पंचनाम्याचा वास येतो. ‘आरोपीस पोलिसांच्या हवाली केले.’ शिवाय शब्द अरबी. ‘स्वाधीन करणे’ काय वाईट आहे?

शिळाप्रेस
ती अटकच होती, पंचनाम्याचा वास आला तर बिघडलं कुठे? आणि अरबी शब्द काढायचे तर ‘अर्ज’, ‘हुकूम’, ‘मालक’ही काढा. मग बोलूच.

नाकासमोर
संपादकांना एवढंच सांगा की ‘विश्वासघातकी’ या अर्थाचा खास ग्रीक शब्द, ‘प्रोदोतेस’, चारही शुभवर्तमानांत यहूदासाठी फक्त एकदा येतो. लूक ६:१६, तोही बारा शिष्यांच्या यादीत. बाकी सगळीकडे ‘देणारा’. ‘विश्वासघात’ म्हटलं की हेतू आणि निकाल दोन्ही शब्दातच आले. मार्कने तर हेतू दिलेलाच नाही. यहूदा याजकांकडे जातो, ते खूश होतात, पैसे द्यायचं कबूल करतात (१४:१०-११). आधी जाणं, मग पैशाची गोष्ट.
कारण पुरवलं ते पुढच्यांनी. मत्तयात यहूदा स्वतःच विचारतो, काय द्याल? लूक आणि योहान सैतानाला आत आणतात. योहान त्याला चोरही ठरवतो.

टाकसाळ
त्या चोरीच्या ओवीत (१२:६) ‘ग्लोस्सोकोमोन’ आहे. पेटी की थैली?

नाकासमोर
ओवी नव्हे, वचन. मुळात ती फुंकवाद्याच्या जिभल्या ठेवायची डबी, पुढे पैशाची पेटी असा अर्थ झाला. मराठीत ‘कसा’ चालेल, पण तो कमरेला बांधतात. ‘डबी’ जवळचं. खरी मजा क्रियापदात आहे. ‘बास्ताझो’ म्हणजे वाहून नेणे, आणि लांबवणेही. यहूदाकडे सगळ्यांच्या सामायिक पैशाची डबी होती आणि तिच्यात पडलेलं तो ‘उचलत असे’. आपल्या ‘उचलणे’त हे दोन्ही अर्थ फुकट मिळतात, भाषांतरकाराचं असं नशीब क्वचितच उघडतं. ‘चोरत असे’ लिहून ते वाया घालवू नका.

पैपाव्हणा
पैशाचं कारण मला पटत नाही. हिशोब करा. मत्तय फक्त ‘तीस रुपे’ म्हणतो, नाण्याचं नाव घेत नाही. मंदिरात चालणारा तूर शहराचा शेकेल धरला तर एक नाणं साधारण १४ ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रॅम चांदी. आपल्या मापात ३६ तोळे. एका शेकेलचे चार दीनार धरले की १२० दीनार, आणि मत्तय २०:२ प्रमाणे दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. बेथानी गावात एका बाईने येशूवर ओतलेल्या सुगंधी तेलाची किंमत ३०० दीनारांहून जास्त सांगितली आहे. डबी ज्याच्या हातात होती त्याने तेलाच्या निम्म्याहून कमी किमतीत गुरू विकावा?

अर्धचंद्र
चार महिन्यांची मजुरी तुम्हांला कमी वाटते?

पैपाव्हणा
कमी नाही. पण आकडाच व्यवहारातून आलेला नाही. जुन्या करारात जखऱ्या ११:१२ मध्ये मेंढपाळाची मजुरी तीस रुपे, ‘तोलून’ दिलेली. मत्तयही ‘तोलून’ या अर्थाचंच क्रियापद वापरतो, म्हणजे जखऱ्याच्या शब्दांवर त्याची नजर आहे. नाणी मोजायची असतात. निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या दासाची भरपाईही तीस शेकेल. मत्तय किंमत नाही, अपमान नोंदवतोय.

गोमुख
सगळे राजकारण विसरता आहात. यहूदाचं उपनाव ‘इस्कर्योत’ म्हणजे ‘सिकारी’, रोमनांविरुद्ध खंजीर चालवणारे. गुरू बंड करत नाही म्हणून त्याला कोंडीत पकडून लढायला लावायचं, हा डाव फसला. आणि आपला ‘शिकारी’ त्याच धातूचा, बघा जुळतंय!

नाकासमोर
नाही जुळत. ‘शिकार’ फारशी, ‘सिका’ म्हणजे वाकडा खंजीर, लॅटिन. दुसरं, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस या टोळीची हकीकत इ.स. ५० नंतरच्या काळातली देतो, यहूदाची गोष्ट ३०च्या आसपासची. तिसरं, योहान ६:७१ मध्ये ‘इस्कर्योत’ हे त्याच्या बापाला, शिमोनाला लावलंय. बापलेक दोघं एकाच खंजीरवाल्या टोळीत असण्यापेक्षा ते करीयोथ गावचे असणं सोपं. यहोशवा १५:२५ मध्ये त्या नावाचं गाव आहे. आपल्याकडे नाही का, चिपळूणकर?
डाव फसल्याची कल्पना मत्तय २७:३ वर उभी करतात, येशूला दोषी ठरवलेलं पाहून यहूदा पैसे परत करतो म्हणून. तिथला शब्द पश्चात्तापाचा नेहमीचा ‘मेटानोइआ’ नव्हे, ‘मेटामेलोमाई’, म्हणजे पस्तावणे, चुटपुट लागणे. त्यावर अख्खा राजकीय बेत रचणं जरा जास्तच.

शिळाप्रेस
त्याने नेमकं विकलं काय, हेही कुणी विचारत नाही. येशू रोज मंदिरात शिकवत होता, ओळखायला माहितगार कशाला? पण वल्हांडण सणाच्या गर्दीत हात टाकला तर दंगल होईल ही भीती (मार्क १४:२). लूक २२:६ मध्ये स्पष्ट आहे: गर्दी नसताना. म्हणजे माल होता जागा आणि वेळ. येशू कोणता हे दाखवायला खूण लागली कारण रात्र, बाग, आणि अकरा जण आणखी.

अर्धचंद्र
मग हा ‘फितूर’च. सूर्याजी पिसाळ म्हटलं की मराठी माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही.

पैपाव्हणा
मघाशी ‘हवाली’ अरबी म्हणून नको होता ना? ‘फितूर’ कुठून आला ते बघा एकदा.
फितूर व्हायला समोर शत्रूचं सैन्य लागतं, आत किल्ला लागतो. इथे ‘घरभेदी’ बसेल. योहान १३:१८ मध्ये स्तोत्र ४१ आहे: ज्याने माझी भाकर खाल्ली त्यानेच टाच उचलली.

गोमुख
‘गुरुद्रोह’ का नको? शुद्ध आणि नेमका.

नाकासमोर
फार भारी. ‘गुरुद्रोह’ म्हटलं की पाठोपाठ पातकाची यादी आणि प्रायश्चित्त येतं. मत्तय २६:५० मध्ये येशू त्याला ‘हेताइरे’ म्हणतो: गड्या, सोबत्या. जिवलगाला हाक मारायचा शब्द हा नव्हे. मत्तयात तो तीनदाच येतो, आणि तिन्ही वेळा बोलणारा समोरच्याला काहीतरी सुनावतोय.

टाकसाळ
मंडळी, पौलाच्या वाक्याचं काय? ‘जे मला मिळालं तेच तुमच्या हवाली केलं… ज्या रात्री येशूला हवाली केलं गेलं.’ पहिला अर्धा भाग सामान पोचवल्यासारखा वाटतो.

शिळाप्रेस
‘हाती देणे’ करून बघा. ‘तुमच्या हाती दिलं… ज्या रात्री त्याला हाती दिलं गेलं.’ दुसऱ्यात कुणाच्या हाती ते उघडं राहतं, ग्रीकमध्येही तसंच आहे. कर्ता यहूदा की देव, पौल सांगत नाही. यहूदाचं नाव त्याच्या कुठल्याच पत्रात नाही. संपादकांना वाचकाला ‘यहूदा आठवायला’ हवा असेल तर तळटीप द्या.

अर्धचंद्र
तळटिपेत नुसतं ‘यहूदा’ लिहू नका. बारा जणांत याकोबाचा यहूदाही आहे, योहान १४:२२ ला मुद्दाम ‘इस्कर्योत नव्हे’ असं लिहावं लागलंय. आणि जुन्या करारातल्या याकोबाच्या एका मुलाचं नावही तेच.

गोमुख
मग ‘ज्यूदास’ लिहा.

अर्धचंद्र
इंग्रजी उच्चार कशाला? ग्रीकमध्ये ‘इऊदास’ आहे. ‘यूदास’ लिहा.

पैपाव्हणा
आणि याकोबाच्या यहूदालाही ‘यूदास’ लिहिणार का? त्याचंही ग्रीक नाव तेच.