रात्रपाळीवाल्यांना उन्हाळ्यात वीजभत्ता मिळावा का?

ऐरोलीकर: महाप्याला एमआयडीसीत प्रेस मशीनवर रात्रपाळी करतो. सकाळी आठला अंथरुणाला पाठ टेकतो, पण मे महिन्यात डोळा लागत नाही. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचला सगळ्यात खाली असतं आणि पुढे दिवसभर चढत जातं. नेमकं तेव्हाच आपण निजायचं. त्यात घर शेवटच्या मजल्यावर. अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला तर चटका बसतो. एसीशिवाय गत्यंतर नाही आणि बिल आपल्या खिशातून. मार्च ते जून कंपनीने विजेसाठी वेगळा भत्ता द्यायलाच हवा. झोप अपुरी राहिली की प्रेसखाली बोटं जातात.

घणसोलीकर: दादा, एसी कशाला? कूलर लावा, वीज फार खात नाही.

ऐरोलीकर: कूलर जळगाव-नागपूरला ठीक. तिथे हवा कोरडी, पाणी उडतं म्हणून गारवा येतो. इथे खाडीची दमट हवा, घामच वाळत नाही. बंद खोलीत कूलर लावला की आणखी कोंदट होतं.

कळव्याची सिस्टर: कूलरबद्दल पटलं, भत्त्याबद्दल नाही. तो मिळणार कायम कामगारांना. आमच्या वॉर्डातल्या रात्रीच्या मावशी ठेकेदाराच्या. त्या पत्र्याच्या खोलीत राहतात. दुपारी बारानंतर आत बसवत नाही, म्हणून जिन्याखाली चटई टाकतात. त्यांना वीजभत्ता देऊन काय होणार? मागायचंच तर कामाच्या जागी थंड विश्रांतीची खोली मागा, पाळी सुटल्यावर चार-पाच तास पडता येईल अशी. आणि एप्रिल-मेमध्ये सलग रात्रपाळ्या कमी करा. एप्रिल 2023 मध्ये खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा पारा चाळीसलाही पोचला नव्हता. दमट हवेत नुसता आकडा बघून चालत नाही.

ऐरोलीकर: ताई, रात्रभर राबून परत कंपनीतच झोपायचं? पोरांची आणि आपली गाठ कधी पडायची? शिवाय माणूस आवारात दिसला की सुपरवायझर डबल ड्युटीला उभा करतो.

वाशी मार्केट: माझं मत दोघांच्या उलट. मी माथाडी. आमच्याकडे गाड्या रात्रीच लागतात. मे महिन्यात भर दुपारी पाठीवर गोणी घेण्यापेक्षा रात्र कधीही बरी. झोपेचं म्हणाल तर सकाळी आल्या आल्या खिडक्या बंद करतो आणि बाहेरच्या बाजूने हिरवी जाळी बांधतो. आतून पडदा लावेपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं. दुपारी खारे वारे सुटले की पश्चिमेची खिडकी उघडायची, ओला पंचा अंगावर घ्यायचा.

कळव्याची सिस्टर: जाळीचा उपाय मावशींना सांगते. पण खारे वारे उशिरा सुटतात त्याच दिवशी पारा चढतो, तेव्हा काय करायचं? डबल ड्युटीची भीती खरी आहे. म्हणून खोलीच्या मागणीतच लिहून घ्या, तिथे झोपलेल्या माणसाला कामावर बोलवायचं नाही. ऐरोलीकर, युनियनतर्फे कंपनीला मागणीचं पत्र द्याल त्यात ठेक्यावरची माणसं धरणार आहात की नाही, तेवढं सांगा.