लेआउटच्या मधोमध जुनं लाकडी घर, ठेवायचं कसं?

माडीवाला:
बेळगावात खानापूर रोडला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, सागवानी खांब, तुळया, लाकडी माडी, वर मंगळुरी कौलं. भोवतीचं शेत आम्ही आणि काकांनी लेआउटला, म्हणजे साइट (प्लॉट) पाडून विकायला दिलंय. डेव्हलपर म्हणतोय घर पाडायला नको, गार्डनच्या जागेत घेऊ, सगळ्यांना क्लबहाउस होईल. ऐकायला बरं वाटतंय, पण पुढं काही लफडं? शेजारी तर घाबरवायलेत की हेरिटेज म्हटलं की शंभर मीटरात बांधकाम बंद, मग साइट कोण घेणार.

टिळकवाडीकर:
गार्डनमध्ये अजिबात घालू नका. पार्कची जागा प्राधिकरणाला सोडून द्यावी लागते, घर त्यात गेलं की तुमचं राहिलंच नाही. नकाशातच परड्यासकट वेगळी साइट पाडून खाता (मालमत्तेची सरकारी नोंद) आपल्या नावावर ठेवा. आणि १०० मीटरचा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांना, म्हणजे आपल्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती वगैरे. तुमच्या माडीला कोण लावतंय ओ.

सुताराचा_पोरगा:
कागद होतील की, आधी पाण्याचं बघा. लेआउटचे रस्ते मुरूम टाकून वर उचलतात आणि जुन्या घराचं जोतं जातंय खाली, मग पहिल्याच मिरगात पाणी पडवीत. खांब दगडी तळखड्यावर उभा करतात तो बुडाला ओल लागू नये म्हणूनच, तळखडा मातीत गाडला गेला की लाकूड खालनं कुजतंय, वाळवी चढती, आणि वरचं पॉलिश मात्र चकचकीत. टोच्या घेऊन बुडात खुपसून बघा, सहज आत गेला तर तेवढाच भाग कापून नव्या सागवानाचा सांधा घालता येतो, अख्खा खांब काढायची गरज नाही. भिंतींना सिमेंटचा गिलावा मारू देऊ नका, ओल आत कोंडती आणि तुळयांची टोकं भिंतीतच सडतात. चुन्याचाच करा, गवंडी शोधावा लागेल.

माडीवाला:
रस्ता आधीच दोन फूट वर आलाय हो! घर सोडवून दुसरीकडं उभं करता येतं काय?

सुताराचा_पोरगा:
येतं की, सांगाडा सांध्यांवर असतो, खिळ्यांवर नाही. मणिपालच्या हेरिटेज व्हिलेजात अशीच घरं सोडवून आणून परत उभी केलीत. प्रत्येक लाकडावर नंबर घालायचा, फोटो काढायचे, मगच हात लावायचा. पण भिंती नव्यानं घालाव्या लागतात, खर्च तिथं बसतो. त्यापेक्षा घराभोवती खोल चर काढून नाल्याकडं उतार मिळतोय काय बघा, लेआउटचं गटार पक्कं व्हायच्या आत.

टिळकवाडीकर:
आणि ते गटार नकाशात दाखवून घ्या, तोंडी नको.