शब्दचर्चा: ‘माफिया २’ मराठीत आणताना – हप्ता, दस्तुरी, सुपारी आणि ‘आपला माणूस’

धागाकर्ता:

‘माफिया २’ हा २०१० साली आलेला गेम. करणारे चेक आणि विषय अमेरिकेतल्या इटालियन टोळ्यांचा. एम्पायर बे हे शहर काल्पनिक असलं तरी बरंचसं न्यूयॉर्कवर बेतलेलं आहे. नायक व्हिटो स्कालेटा सिसिलीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेला आलेला. चोरीत सापडल्यावर तुरुंग टाळायला सैन्यात जातो, १९४३ मध्ये अमेरिकन फौजेतून पुन्हा सिसिलीत उतरतो, जखमी होतो आणि १९४५ मध्ये घरी परततो. तिथपासून १९५१ पर्यंतची गोष्ट. आमच्या कंपूत एक जण खेळतो आणि बाकीचे सोफ्यावर बसून बघतात. सगळ्यांनाच ते इटालियन वळणाचं इंग्रजी पकडता येत नाही, म्हणून मी हौसेने संवादांचं मराठी करायला घेतलंय.

अडलोय ते नेमक्या धंद्याच्या शब्दांवर. प्रोटेक्शन, काँट्रॅक्ट (पैसे घेऊन खून), फॅमिली (टोळी), मेड मॅन (शपथ घेऊन टोळीत पक्का झालेला), कापो (हाताखाली माणसं असलेला म्होरक्या). मराठीत शब्द नाहीत अशातला भाग नाही, उलट ढीगभर आहेत. पण ‘सुपारी’ म्हटलं की व्हिटो थेट भायखळ्यात जाऊन उभा राहतो. काय करावं?

प्रतिसाद:

प्रोटेक्शनला सरळ ‘खंडणी’ म्हणा की. रोज पेपरात वाचतो आपण. शब्द जुना आहे, भारदस्त आहे, कुठल्या एका गल्लीचा नाही.

प्रतिसाद:

जुना आहे हे खरं, पण तो इथे बसत नाही. खंडणी म्हणजे खंडून, म्हणजे आकडा ठरवून घेतलेली रक्कम. ‘खंडाने जमीन दिली’ म्हणतो तोच हा खंड. मराठेशाहीत शहराला वेढा पडला की आकडा ठरायचा, तो चुकता झाला की फौज पुढे जायची. आजच्या बातमीतही ‘बिल्डरकडे पन्नास लाखांची खंडणी मागितली’ असं येतं. एक मागणी, एक रक्कम. दुकानदाराकडून दर आठवड्याला किंवा महिन्याला जे घेतात तो हप्ता. शब्द मुळात फारसीतला आठवडा, त्यामुळे पुन्हापुन्हा येणं त्याच्या पोटातच आहे. अमेरिकेतलं प्रोटेक्शन बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचं.

‘संरक्षण’ या शब्दातला खवचटपणा मात्र दोन्हींत नाही. ज्याच्यापासून संरक्षण हवं तोच संरक्षण विकतोय, ही त्यातली गोम. तेव्हा दुकानदाराशी बोलताना गुंडाच्या तोंडी ‘आम्ही आहोत ना, काळजी कशाला’ असं काहीतरी घाला आणि आपसात बोलताना ‘हप्ता’. शब्दाला शब्द ठेवायलाच हवा असं थोडंच आहे.

धागाकर्ता:

हे पटलं. पण एक प्रसंग कशातच बसत नाही. सुरुवातीला आई सांगते म्हणून व्हिटो गोदीत डेरेककडे कामाला जातो. थोडी खोकी उचलल्यावर त्याला दुसरं काम मिळतं: कामगारांकडून ‘न्हाव्याचे पैसे’ गोळा करायचे. कुणाला केस कापायचे नसतात आणि न्हावी हे निमित्त आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कामगार कुरकुरत देतात, जो नाही म्हणतो त्याला मार. हा हप्ता की आणखी काही?

प्रतिसाद:

इथे मला बोलायलाच हवं. वडील मुंबई बंदरात टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारे कारकून होते, त्यामुळे यातले बरेच शब्द घरात ऐकलेत.

त्या काळात न्यूयॉर्कच्या धक्क्यावर भरतीची पद्धत अशी होती की सकाळी माणसं अर्धवर्तुळ करून उभी राहायची आणि भरती करणारा बॉस त्यातून हवी ती निवडायचा. कायम नोकरी कुणालाच नाही. निवड व्हायची तर मजुरीतला वाटा परत द्यायचा. काही धक्क्यांवर कानामागे दातकोरणं खोचलेलं असलं की ‘हा देणार आहे’ अशी खूण असायची. गोदीवर टोळ्यांची पकड बसली त्यात या भरतीच्या पद्धतीचा मोठा हात होता. १९५३ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी राज्यांनी मिळून बंदरासाठी आयोग नेमला आणि ही पद्धत बंद केली.

आता मुंबईकडे बघा. आपल्या गोदीतही हंगामी मजूर पुरवणारे मध्यस्थ होते आणि त्यांना ‘टोळीवाला’च म्हणत. टोळी म्हणजे मजुरांचा गट, त्यात गुन्ह्याचा वासही नाही. इंग्रजीतला ‘गँग’ गोदीत नेमका याच अर्थाने चालतो. गिरण्यांत हेच काम जॉबर करायचा. आणि कामावर घेतल्याबद्दल कामगाराकडून जे काढून घ्यायचे त्याला शब्द होता: दस्तुरी. म्हणजे ‘दस्तूर आहे म्हणून’. सक्ती असते, पण तिला रिवाजाचं नाव. तुमचे न्हाव्याचे पैसे म्हणजे दस्तुरी. हप्ता मालकाकडून, दस्तुरी कामगाराकडून. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आपल्याकडे १९४८ चा आहे, म्हणजे व्हिटो तुरुंगात होता त्याच काळातला.

तरुण मंडळींना दस्तुरी कळणार नाही अशी हरकत येईल. येऊ दे. एकदा प्रसंगात ऐकली की कळेल.

प्रतिसाद:

वरचा प्रतिसाद वाचून धन्य झालो. ‘कापो’ला मग ‘मुकादम’ का नको? कापो म्हणजे डोकं, मुकादम म्हणजे अरबीत पुढे केलेला, प्रमुख. हाताखाली पंधरावीस माणसं, त्यांच्या कमाईतला वाटा घ्यायचा आणि त्यातला वर पोचवायचा. कामाची रचना तंतोतंत तीच.

प्रतिसाद:

आमच्या बीडकडे मुकादम म्हटलं की ऊसतोड डोळ्यांसमोर येते. कारखान्याकडून पैसे घेऊन मजुरांना उचल देणारा तो मुकादम. पण विचार केला तर हे काही वाईट नाही. उचल फिटेपर्यंत मजूर बांधलेला असतो, कापोची माणसंही बांधलेलीच.

प्रतिसाद:

‘सुपारी’बद्दल कुणी बोललं नाही. या शब्दाला भायखळ्यात कोंडू नका हो. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात तिथे जत्रेसाठी गावकरी येऊन फडाला सुपारी देतात. बँडची सुपारी असते, ऑर्केस्ट्राची असते. पैसे ठरवून काम दिलं की ती सुपारी. इंग्रजी काँट्रॅक्टही असाच सभ्य व्यवहारातून खुनाकडे गेलेला शब्द आहे. १९४०-४१ मध्ये ब्रुकलिनच्या भाडोत्री मारेकऱ्यांवर खटले चालले, तेव्हा तो सामान्य वाचकांपर्यंत पोचला. दोन्ही शब्दांचा प्रवास सारखाच आहे, मग मराठीला कशाला लाजायचं?

प्रतिसाद:

मान्य, पण सगळीकडे नाही. गेममध्ये सिडनी पेन नावाच्या माणसाला उडवायचं काम हेन्री हा साथीदार घेऊन येतो. पैसे एका टोळीचा मुखिया क्लेमेंटे याचे. व्हिटो आणि त्याचा मित्र जो तोवर कुणाचेच नसतात, रोख घेऊन काम करणारे बाहेरचे. ती सुपारीच. पुढे ते दुसऱ्या टोळीचा मुखिया फाल्कोने याच्या पदरी रीतसर दाखल होतात आणि मग खुद्द क्लेमेंटेला हॉटेलात बॉम्बने उडवायला निघतात. ती सुपारी नाही, तो हुकूम. नंतर पाकीट मिळालं तरी तो हुकूमच, कारण नाही म्हणायची सोय नाही. इंग्रजी बोलणारा दोन्हींना एकच शब्द वापरेल, तुम्ही मराठीत फरक करा.

धागाकर्ता:

वा. आणि ‘रीतसर दाखल’ म्हणजे मेड मॅन, तिथेच घोडं अडलंय. बोटाला टाचणी, हातात संताचं चित्र पेटवलेलं, ते जळत असताना शपथ. ‘घडलेला माणूस’ म्हणजे काहीच नाही. ‘दीक्षित’ म्हटलं तर आडनाव वाटतं.

प्रतिसाद:

फॅमिलीला ‘कुटुंब’ म्हणू नका, ‘घराणं’ म्हणा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. न्यूयॉर्कची पाच ‘कुटुंबं’ १९३१ मध्ये साल्वातोरे मारांझानोच्या पुढाकाराने रचनेत बसली ती काही रक्ताच्या नात्याने नाही. मुखिया बदलला तरी घराणं चालू राहतं. संगीतात घराणं म्हणतो ते शिष्यांसकट. तिथे शिष्य पक्का होतो तो गंडा बांधून. तर मेड मॅन म्हणजे गंडा बांधलेला. ‘व्हिटोचा गंडा बांधला’ म्हटल्यावर कुणाला फोड करून सांगावी लागणार नाही.

प्रतिसाद:

माफ करा, पण गंडाबंधनाचा असा उपयोग बघून त्रास झाला. गुरू विद्या देतो. फाल्कोने काय देतो? घराणं चालेल, गंडा नको. आणि ‘गंडा घालणे’ म्हणजे फसवणे हेही मराठीतच आहे, ते विसरू नका.

प्रतिसाद:

हाहा, मग तर गंडाच हवा! व्हिटोचं पुढे जे होतं ते पाहता दोन्ही अर्थ लागू पडतात.

गंमत सोडा. मला वाटतं इथे मराठीने इंग्रजीवर मात केलेली जागा तुम्ही सगळे ओलांडून गेलात. या लोकांत ओळख करून देण्याचा एक नियम होता. बाहेरच्या पण भरवशाच्या माणसाची ओळख ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ अशी करून द्यायची. तोच जर शपथ घेतलेला असेल तर ‘अ फ्रेंड ऑफ आवर्स’. एका सर्वनामावर सगळं कळायचं. शिवाय दोन शपथ घेतलेल्यांनी परस्पर आपली ओळख सांगायची नाही, दोघांनाही ओळखणारा तिसरा लागतो. इंग्रजीत ‘आवर’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे शब्दावरून कळत नाही. आपल्याकडे ‘आमचा’ वेगळा आणि ‘आपला’ वेगळा. ‘हा माझा माणूस’ म्हणजे जबाबदारी माझी. ‘हा आमचा माणूस’ म्हणजे तू त्यात नाहीस. ‘हा आपला माणूस’ म्हणजे तू, मी आणि हा, तिघंही आत. नेमकं हेच तर त्यांना म्हणायचं असतं.

‘कोझा नोस्त्रा’ हे जे या टोळ्या स्वतःला म्हणतात, त्याचंही तसंच. टोळीतलाच जोसेफ वालाची १९६३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे बोलला तेव्हा हे शब्द जगाला कळले. एफबीआयने पुढे ‘ला’ जोडून त्याचं संस्थेसारखं नाव केलं आणि लघुरूपही पाडलं. मुळात ते नाव कमी आणि आडून बोलणं जास्त: ‘आपलं ते’. आपल्याकडे नाव न घेता ‘ते आपलं हे’ म्हणतात, त्याच्या फार जवळचं.

धागाकर्ता:

हे भारी आहे. मेड मॅनला वेगळा शब्द शोधतच नाही आता. समारंभानंतर फाल्कोनेचा उजवा हात एडी स्कार्पा याच्या तोंडी ‘आता तू आपला माणूस’ टाकतो. गंडा बाद, त्रास झालेल्यांनी निश्चिंत व्हावं.

लोन शार्कचं काय? व्हिटोच्या बापाने करून ठेवलेलं दोन हजार डॉलरचं कर्ज आई आणि बहिणीच्या डोक्यावर असतं.

प्रतिसाद:

‘सावकार’ पुरे. त्याला अमेरिकन हिशोब द्या: आज पाच घ्यायचे, आठवड्याने सहा परत. ‘पाचाचे सहा’ म्हटलं की कुणालाही घाम फुटेल.

प्रतिसाद:

शीर्षकातल्या शब्दावरही एकदा बोला. आपल्याकडे ‘एक माफिया पकडला’ असं लिहितात. वाळूमाफिया, टँकरमाफिया, भूमाफिया, सगळी माणसं. इटालियनमध्ये माणूस तो माफियोसो, माफिया ही व्यवस्था. शब्द रुळला तो १८६३ मध्ये पालेर्मोच्या तुरुंगातल्या कैद्यांवर आलेल्या एका सिसिलियन नाटकापासून. त्याआधी पालेर्मोच्या बोलीत ‘माफियूझू’ म्हणजे ऐटबाज, छाती काढून चालणारा. माझ्या मते संवादांत हा शब्द शक्यतो येऊच नये. आत असलेला माणूस आपल्या धंद्याला कशाला असं नाव देईल?

प्रतिसाद:

रेशनच्या भागात एक सांभाळा. व्हिटो सरकारी कचेरीतून पेट्रोलचे ‘स्टॅम्प’ चोरतो आणि मध्यरात्रीच्या आत पंपांवर विकत फिरतो, त्यापायीच आत जातो. त्याला ‘तिकिटं’ केलंत तर पोस्टाची वाटतील. ‘कुपनं’ करा. अमेरिकेत पेट्रोलचं रेशन ऑगस्ट १९४५ मध्ये उठलं, त्यामुळे काळ बरोबर जुळतो. वालाचीनेही युद्धात असल्या कुपनांचा धंदा केला होता. ‘काळा बाजार’ वापरायला हरकत नाही, मुंबईत रेशन आलं तेही १९४३ मध्येच.

धागाकर्ता:

कुपनं नक्की. शेवटचा अडथळा लिओ गलान्ते. तुरुंगात व्हिटोला हाताशी धरतो तो म्हातारा, विंची घराण्याचा कॉन्सिलिएरे. ‘सल्लागार’ फारच सरकारी समितीतला वाटतो. ‘कारभारी’ कसा?

प्रतिसाद:

पेशवाईच्या अंगाने उत्तम. फक्त एम्पायर बेच्या तुरुंगात व्हिटो त्याला ‘अहो कारभारी’ अशी हाक मारणार नाही एवढं बघा, नाहीतर सोफ्यावरची मंडळी खाली पडतील.