क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमए: गावातलं प्रात्यक्षिक पहिल्याच सत्रात हवं

घाटंजीची लेक:
यंदा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमएला जायचं नक्की केलंय. कोणता पेपर कधी, प्रात्यक्षिक कुठं, लघुप्रबंध कशावर, असं दोन वर्षांचं सगळं वहीत मांडून बसले. सीनियर सांगतात, पहिल्या वर्षी थिअरी आणि चाचण्या, दुसऱ्या वर्षी नागपूर-पुण्यात मोठ्या दवाखान्यात प्रात्यक्षिक, आणि वेळ उरला तर गावात एखादं शिबिर. मला हे पटत नाही. ज्याला विदर्भातल्या खेड्यात काम करायचंय, त्यानं पहिल्या सत्रापासून आठवड्यातला एक दिवस ग्रामीण रुग्णालयात बसलं पाहिजे.

बीएच्या प्रकल्पासाठी मी आमच्याच गावात पीएचक्यू-९ भरून घेत होते. नैराश्य मोजायचे ९ प्रश्न, ० ते २७ गुण. कापूस वेचून आलेल्या एका काकूंना पहिला प्रश्न वाचून दाखवला: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का? त्या म्हणाल्या, "काम तं करावंच लागते बाई, रस कायचा." मी शून्यावर खूण केली. पुढचे प्रश्नही असेच भराभर गेले. निघताना त्यांनीच हात धरला. "पोरगी सासरी गेली तवापासून गमतच नाही वं. भाकर गिळत नाही. रात्री उठून ओसरीत बसते." मन, भूक, झोप, तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या आणि माझ्या कागदावर काहीच नव्हतं. 'गमत नाही' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, तरी फॉर्म हातात आल्यावर विसरले.

दुसरं व्यसनाचं. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लागलेली २०२१ मध्ये उठली. इतक्या जवळजवळच्या जिल्ह्यांत इतके वेगळे अनुभव, आणि व्यसनाचा विषय मात्र ऐच्छिक म्हणून चौथ्या सत्रात? दारू अचानक तुटली की हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. हे ओळखायला दोन वर्षं थांबायचं का?

नागपूरचा क्लिनिशियन:
ताई, तळमळ पोचली, पण तुमचा क्रम चुकतोय.

आधी मान्यतेचं बघा. साध्या एमए मानसशास्त्रावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळत नाही. आजवर त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एमफिल लागायचं. नव्या शिक्षण धोरणात एमफिल बंद झालं, या विषयापुरती यूजीसीनं २०२५-२६ पर्यंत मुदत दिली, आणि आता परिषदेनं स्वतःचं दोन वर्षांचं एमए आणलंय. तुमचं एमए त्या मान्यतेचं आहे का आणि त्यावर नोंदणी कोणत्या वर्गात होते, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. मानसशास्त्र दूरशिक्षणानं शिकवायला यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केलीय, त्यामुळे घरी बसून पदवी घेऊ हा पर्याय डोक्यातून काढा.

आता मूळ मुद्दा. माझ्या हाताखालच्या एका पहिल्या सत्राच्या मुलीनं खेड्यात बसून नोंद केली होती: "सासूचा जाच, ताण, समुपदेशन दिले." ती बाई १० दिवसांची बाळंतीण होती. तीन रात्री झोपली नव्हती, अंगात देवी येते आणि बाळाबद्दल बोलते म्हणत होती. तो बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार होता. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला हवं होतं. सुदैवानं संध्याकाळी नोंदवही चाळताना माझी नजर गेली. सायकोपॅथॉलॉजी, म्हणजे मनोविकारांची लक्षणं ओळखणं, आणि मानसिक स्थितीची तपासणी पक्की झाल्याशिवाय मी कुणाला खुर्चीवर बसू देत नाही, ते तेव्हापासून.

आणखी एक. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्याचा 'विश्राम' प्रकल्प झाला. त्याचं मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं: नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. ते काम प्रामुख्यानं गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी केलं. वऱ्हाडी त्यांना तुमच्याइतकीच येते. तुमच्या एमएनं त्यांना जे येत नाही ते शिकवावं.

आर्णीचे मास्तर:
चाचण्यांना कमी लेखू नका एवढंच सांगतो. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन लेकरं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर जातात. मतिमंदत्व आहे, वाचनदोष आहे की कानानं कमी ऐकू येतं, हे सांगणारा माणूस तालुक्यात नाही. चाचणीसाठी बापानं रोजी बुडवून नागपूरला जायचं. मुलांच्या बुद्धिमापनाची मालिन चाचणी १९६९ ची, नागपुरातच घडलेली. बिने-कामत तर त्याच्याही आधी मराठी आणि कानडीत झाली. गुण ज्यांच्याशी ताडतात ती मानके जुनी झालीत, तरी या चाचण्या नीट घेता येणारं माणूस आम्हाला हवंय.

घाटंजीची लेक:
सर, त्या बाळंतिणीचं वाचून पोटात गोळा आला. पण मला वाटतं, तिथं चूक खेड्यात बसवण्याची नव्हती, एकटीला बसवण्याची होती. पहिल्या सत्रात मी सल्ला देणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशेजारी बसून ऐकणार, लिहिणार, आणि त्याच दिवशी दाखवणार.

'विश्राम'वरून मी उलटा अर्थ काढते. गावातल्या माणसांना शिकवायचं, त्यांच्या नोंदी तपासायच्या, तर त्यांचे रुग्ण मी आधी पाहिलेले नकोत? आत्महत्येचा धोका विचारताना "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" हा प्रश्न मला वर्गात कुणी शिकवला नाही. ते कुलपात ठेवायला लावणं किंवा घरातून काढायला लावणं हाही उपचाराचाच भाग आहे. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या कितीतरी घटल्या.

मास्तर, तुमचं मात्र मान्य. दुसऱ्या सत्रात बुद्धिमापन पक्कं करते.

आशाताई, राळेगाव:
पोरी, तू चांगलं म्हणतं, पण मी १२ वर्षांत लय विद्यार्थी पाहिले. येतात, फॉर्म भरतात, फोटो काढतात, जातात. बाया मोकळ्या होऊन बोलतात आन् मंग मलेच विचारतात, ते मॅडम परत काहून नाही आली? त्याहीचं उत्तर माझ्यापाशी नसते. यायचं असन तं दोन वर्षं एकच वार धर. बाजाराचा दिवस सोडून धर, त्या दिवशी कोणी बसत नाही. नाहीतं येऊच नको.

नागपूरचा क्लिनिशियन:
आशाताईंचं म्हणणं माझ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. पहिलं सत्र रुग्णालयातल्या वॉर्डात, हे माझं मत मी बदलत नाही. दुसऱ्या सत्रापासून ठरलेला वार, सोबत पर्यवेक्षक, याला मी तयार आहे.

आणि घाटंजीच्या ताई, लघुप्रबंधासाठी वऱ्हाडीतले त्रासाचे शब्द गोळा करा. 'गमत नाही' कुणाची आठवण येते म्हणून म्हणतात आणि कशातच मन लागत नाही म्हणूनही. काकूंच्या बाबतीत कोणतं होतं, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. आधी त्यांच्याकडे जाऊन या. नोंदीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवा, गुण त्यानंतर.